गाडी गरम होईपर्यंत

डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांतून एक ठरावीक आवाज ऐकू येत असे. स्कूटरचा चोक ओढायचा, गाडी एका अंगावर कलती करायची, मग किक, पुन्हा किक, आणि सातव्या-आठव्या प्रयत्नाला खोकल्यासारखा आवाज करून इंजीन जागे व्हायचे. जागे झाले तरी लगेच निघायचे नाही; मूठ पिळत दोन-तीन मिनिटे धूर काढायचा, ही वडीलधाऱ्यांची शिकवण. "गाडी गरम होऊ दे" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले की त्यामागे काही कारण असेल आणि त्या कारणाला इतिहास असेल, असे कधी मनात आले नाही. पारा दहा-बारा अंशांवर उतरला की आपण कडाक्याची थंडी पडली म्हणतो. जिथे तो शून्याखाली तीस-चाळीस अंश जातो, तिथे या साध्या वाक्याचा अर्थ काय होत असेल, हा प्रश्न आम्हांला पडला तो पुष्कळ उशिरा, युद्धांचे आणि प्रवासांचे इतिहास वाचताना.

त्या वाचनात एक गोष्ट लक्षात आली. इतिहासग्रंथांतले इंजीन नेहमी चालू असते. त्याचा वेग, त्याची अश्वशक्ती, त्याने एका दमात कापलेले अंतर यांची कोष्टके असतात. पण त्या दिवशी पहाटे ते सुरू कोणी केले, कसे केले, त्याला किती वेळ लागला, हे क्वचितच सापडते. वास्तविक इंजीन चालणे आणि इंजीन सुरू होणे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. चालू इंजीन स्वतःची ऊब स्वतः निर्माण करते, त्यामुळे बाहेरच्या थंडीशी ते बरेचसे झुंजू शकते. बंद इंजिनाला मात्र ती ऊब उसनी द्यावी लागते, आणि ती देणारा कोणीतरी माणूस असतो. या उसन्या उबेचा आणि ती देणाऱ्या माणसांचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

थंडीत इंजिनाचे नेमके काय बिघडते? अनेक गोष्टी, आणि त्याही एकाच वेळी. वंगणाचे तेल घट्ट होऊन काकवीसारखे, पुढे तर डांबरासारखे होते, आणि ज्या भागांना ते सहज फिरू द्यायचे त्यांनाच ते धरून ठेवते. पेट्रोल जळते ते त्याची वाफ हवेत मिसळल्यावर. गार हवेत ही वाफ पुरेशी होत नाही, म्हणून ठिणगी पडूनही पेट घेत नाही. चोक ओढून आपण हवा कमी आणि पेट्रोल अधिक देतो ते याचसाठी. डिझेलला ठिणगीच नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटते, आणि सिलिंडरच्या थंडगार भिंती ती उष्णता आधीच शोषून घेतात. शिवाय डिझेलमधले मेण थंडीत वेगळे होऊन नळ्या आणि गाळण्या बंद करते. शिशाच्या बॅटरीची ताकद कडक थंडीत जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणजे घट्ट तेलामुळे तिच्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा असते त्याच क्षणी ती सर्वांत दुबळी असते. आणि रेडिएटरमध्ये साधे पाणी राहिले असेल, तर ते गोठून फुगते आणि ओतीव लोखंडाचा ठोकळादेखील तडकवते. रात्री विसरलेल्या दोन बादल्या पाण्यामुळे सकाळी संपूर्ण इंजीन भंगारात जावे, असा हा प्रकार.

मोटारीच्या पहिल्या पिढीने हे सारे हाताने निस्तरले. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या 'मॉडेल टी' जातीच्या दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा उत्तर अमेरिकेतल्या हिमप्रदेशांतल्या शेतकऱ्यांच्या घरी गेल्या. तिथला हिवाळ्यातला दिनक्रम असा: रात्री रेडिएटरमधले पाणी सोडून द्यायचे, सकाळी चुलीवर पाणी तापवून ते ओतायचे, पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून नळीवरही उकळते पाणी टाकायचे आणि मग पुढे उभे राहून हँडल मारायचे. या गाडीच्या गिअरपेटीतले तेल थंडीत इतके चिकट होई की गाडी न्यूट्रलमध्ये असूनही चाके फिरू लागत, आणि इंजीन सुरू होताक्षणी गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येई. म्हणून जाणते लोक मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवत. हँडलने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. त्या काळी ही दुखापत इतकी सर्वसाधारण होती की डॉक्टरांना तिचे कारण विचारावे लागत नसे.

चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. मनगटे वाचली, आणि हँडल मारण्याची ताकद अंगात नसलेल्या माणसांनाही गाडी स्वतः सुरू करता येऊ लागली. विसाच्या दशकाच्या अखेरीस इथिलीन ग्लायकॉलचे न गोठणारे द्रव बाजारात आले. त्यापूर्वी अल्कोहोल किंवा ग्लिसरीन पाण्यात मिसळत, पैकी अल्कोहोल उडून जाई. तेलाच्या डब्यावर आपण जो 'डब्ल्यू' वाचतो तो इंग्रजीतल्या हिवाळ्याचे आद्याक्षर आहे, हे आम्हांलाही फार उशिरा कळले. म्हणजे भर उन्हाळ्यात विदर्भातल्या गॅरेजमध्ये ओतल्या जाणाऱ्या तेलाच्या डब्यावरदेखील कुठल्यातरी दूरच्या हिवाळ्याची आठवण छापलेली असते.

परंतु हे सुधारलेले इंजीनही खऱ्या थंडीत नेले की माणूस पुन्हा मूळ पदावर येई. कॅप्टन स्कॉटने १९१०-१९१३च्या दक्षिण ध्रुव मोहिमेसाठी तीन मोटार-घसरगाड्या नेल्या होत्या. एक तर जानेवारी १९११मध्ये जहाजावरून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात बुडाली. उरलेल्या दोन त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाल्या. त्यांचा त्रास चमत्कारिक होता. ओझे ओढताना हवेने थंड होणारे सिलिंडर भर हिमप्रदेशातही जास्त तापत, म्हणून थांबावे लागे. थांबले की कार्ब्युरेटर गारठे, म्हणून दिव्याच्या झोताने तो तापवावा लागे. थंड करण्यासाठी थांबायचे आणि थांबल्यामुळे गरम करायचे, असा तो खेळ थोड्याच दिवसांत, बेअरिंगे तुटून, संपला आणि माणसांनी ओझी स्वतःच्या खांद्यांवर घेतली. या यंत्रांच्या घडणीत ज्याचा मोठा वाटा होता तो रेजिनाल्ड स्केल्टन मोहिमेत नव्हता. त्याचा हुद्दा मोहिमेतल्या दुय्यम अधिकाऱ्यापेक्षा वरचा ठरत असल्याने त्या अधिकाऱ्याने हरकत घेतली आणि स्केल्टनला घरी ठेवण्यात आले. यंत्र घ्यायचे आणि यंत्राचा जाणकार मागे ठेवायचा, हा प्रकार पुढेही मोठ्या प्रमाणावर घडणार होता.

१९२५च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम या गावी घटसर्पाची साथ आली. औषध हवे होते, समुद्र गोठला होता आणि रेल्वे जिथे संपत होती तिथून गाव हजारांहून अधिक किलोमीटर दूर होते. विमाने नव्हती असे नाही. फेअरबँक्स येथे ती होती, पण हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली. त्यांची इंजिने पाण्याने थंड होणारी आणि वैमानिकाची जागा उघडी. विमानाने औषध पाठवावे असा आग्रह वर्तमानपत्रांतून झाला, परंतु अखेरीस काम सोपवले गेले ते कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर. वीस हाकणारे आणि सुमारे दीडशे कुत्री यांनी आळीपाळीने धावून साडेपाच दिवसांत, २ फेब्रुवारी १९२५ रोजी, औषध नोमला पोचवले. कुत्र्यांच्या पराक्रमाची कथा जगभर गेली, त्यांचे पुतळे उभे राहिले, आणि ते योग्यच झाले. आम्हांला त्या कथेतली दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते. हवेत उडू शकणारे यंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तयार झाले होते. उणे चाळीस अंशांत पहाटे खात्रीने सुरू होणारे यंत्र झाले नव्हते.

ते झाले तेही कारखान्यात नव्हे. कॅनडा आणि अलास्कातल्या रानोमाळ उडणाऱ्या वैमानिकांनी आणि त्यांच्या यंत्रज्ञांनी विसाच्या-तिसाच्या दशकांत एक पद्धत बसवली. गोठलेल्या तळ्यावर विमान उतरले की इंजीन गरम असतानाच त्यातले तेल डब्यात काढायचे आणि तो डबा झोपडीत शेगडीशेजारी ठेवायचा. पहाटे इंजिनावर जाड कापडाचा तंबू टाकायचा आणि त्याखाली रॉकेलच्या किंवा पेट्रोलच्या ज्योतीचे बंब पेटवायचे. यंत्रज्ञाने त्या तंबूत, धुरात, हातात आग विझवायचे साधन घेऊन, तास-दोन तास बसून राहायचे. कारण वर कापड, समोर पेट्रोलची टाकी आणि मध्ये उघडी ज्योत. इंजीन हाताला कोमट लागले की तापवलेले तेल घाईने ओतायचे आणि ते पुन्हा गार होण्याच्या आत पंखा फिरवायचा. एकदा संधी हुकली की सगळे पहिल्यापासून. १९२९च्या जानेवारीत वॉप मे आणि व्हिक हॉर्नर यांनी एडमंटनहून फोर्ट व्हर्मिलियनकडे, उघड्या विमानातून, अशाच साथीचे औषध नेले. औषध गोठू नये म्हणून त्याच्यासाठी कोळशाची छोटी शेगडी विमानातच ठेवली होती. वैमानिकांसाठी तशी काही सोय नव्हती. चार वर्षांपूर्वी जे काम कुत्र्यांनी केले ते आता विमान करू लागले, याचे श्रेय जितके उड्डाणविद्येला तितकेच पहाटे तीनला उठून तेल तापवणाऱ्याला द्यावे लागेल.

इथवर आपण एकेका यंत्राचा विचार केला. आता तीच अडचण लाखो यंत्रांना एकदम आली तेव्हा काय झाले ते पाहू. १९४१च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले ते हिवाळ्यापूर्वी सारे आटपेल या हिशोबाने. ऑक्टोबरात चिखलाने सेना रुतली. नोव्हेंबरच्या आरंभी जमीन गोठली तेव्हा जर्मन सेनापतींना प्रथम हायसेच वाटले, कारण कठीण जमिनीवर गाड्या पुन्हा चालू लागल्या. परंतु महिना संपता संपता आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मॉस्कोभोवती तापमान उणे तीस अंशांच्या आसपास आणि कुठे त्याहूनही खाली गेले. हाइन्त्स गुडेरियान या रणगाडादलाच्या सेनानीने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की रणगाडे सुरू करण्यासाठी त्यांच्याखाली जाळ करावा लागे, इंधन कधी कधी गोठे आणि तेल घट्ट होई. न गोठणाऱ्या द्रवाचाही तुटवडा होता. वाफेच्या इंजिनांची दशा निराळी नव्हती. जर्मन बनावटीच्या आगगाडीच्या इंजिनांच्या पाण्याच्या नळ्या बाहेरच्या बाजूला होत्या. त्या मोठ्या संख्येने गोठून फुटल्या आणि आघाडीवर हिवाळी सामान पोचवणारा मार्गच आखडला.

"रशियाच्या हिवाळ्याने जर्मनांचा पराभव केला" हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पराभूत सेनापतींच्या आत्मचरित्रांतून ते विशेष लोकप्रिय झाले, आणि त्यांना ते सोयीचेही होते. आमच्या मते त्यात अर्धेच सत्य आहे. हिवाळा दोन्ही बाजूंना सारखाच पडला होता. फरक तयारीचा होता. आणि सोव्हिएत सेनेची ही तयारी जन्मजात नव्हती, ती महागात शिकलेली होती. १९३९-४०च्या हिवाळ्यात फिनलंडवर चढाई करताना त्यांचीच वाहने आणि माणसे हजारोंनी गारठली होती. त्या फजितीतून, आणि सायबेरियातल्या जुन्या अनुभवातून, काही साध्या गोष्टी नियम म्हणून रुजल्या. टी-३४ रणगाड्यात विजेच्या स्टार्टरच्या जोडीला दाबलेल्या हवेच्या नळकांड्या होत्या. बॅटरी मेली तरी त्या हवेने इंजीन फिरवता येई. विमानाचे इंजीन बंद करण्याआधी वंगणात थोडे पेट्रोल मिसळत. त्यामुळे तेल रात्रभर पातळ राही, सकाळी इंजीन सहज फिरे, आणि तापल्यावर ते पेट्रोल उडून जाऊन तेल पूर्ववत होई. वंगणात पेट्रोल घालणे हे कोणत्याही शिस्तप्रिय अभियंत्याला पाप वाटावे असे कृत्य. पण थंडीच्या गावी राहणाऱ्यांचे शहाणपण असेच असते. विमानदळातल्या यंत्रज्ञांचे कष्ट मात्र अलास्कातल्यासारखेच होते. मरिना रास्कोवाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या रात्री-बाँबफेकी पथकात वैमानिकांप्रमाणे यंत्रज्ञही स्त्रियाच होत्या. बारीक स्क्रू हातमोजे घालून धरता येत नाहीत, आणि उणे तापमानात उघडे बोट धातूला चिकटते. या दोन वाक्यांच्या दरम्यान त्यांची नोकरी होती.

जर्मनही पुढे शिकले. १९४२च्या अखेरीपासून त्यांच्या रणगाड्यांत अशी सोय होऊ लागली की एका चालू रणगाड्याचे तापलेले पाणी नळीवाटे शेजारच्या बंद रणगाड्यात सोडायचे आणि त्याचे गार पाणी इकडे घ्यायचे. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ऊब पुढे पुढे द्यायची. कल्पना सुंदर होती, मात्र तिची अट अशी की पहिला रणगाडा सुरू झालेला हवा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली दुसरी गोष्ट युद्धेतिहासांत नेहमी सांगितली जाते. स्टालिनग्राडच्या वायव्येला राखीव म्हणून ठेवलेल्या जर्मनांच्या बाविसाव्या रणगाडा डिव्हिजनला इंधनाची चणचण होती. इंजिने अधूनमधून चालवून गरम ठेवणे परवडेना, म्हणून रणगाडे खड्ड्यांत उतरवून गवताने झाकले. गवताच्या उबेला उंदीर आले आणि त्यांनी विजेच्या तारांवरचे आवरण कुरतडले. १९ नोव्हेंबर १९४२ रोजी सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला आणि निघण्याचा हुकूम आला, तेव्हा बरेचसे रणगाडे सुरूच होईनात, आणि सुरू झालेल्यांतले काही वाटेत ठिणग्या पडून बंद पडले. नेमके आकडे लेखकागणिक बदलतात. उंदरांनी युद्ध फिरवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु जो हिशोब इंधनाच्या लिटरांत मांडला होता त्यात पहाटेची ऊब कोणत्याच रकान्यात धरलेली नव्हती, एवढे त्यावरून खचित दिसते.

या इतिहासातले सर्वांत हृद्य प्रकरण लाडोगा सरोवरावरचे आहे. ८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राड शहराला वेढा पडला आणि जमिनीवरच्या साऱ्या वाटा तुटल्या. उरले ते शहराच्या पूर्वेचे लाडोगा सरोवर. ते गोठण्याची शहर वाट पाहत होते. इतर सर्वत्र माणसे ज्या थंडीला शाप देत होती तिचीच इथे प्रतीक्षा होती, कारण बर्फ जाड झाल्याशिवाय ट्रक चालणार नव्हते. २० नोव्हेंबरपासून कामगारांखेरीज इतरांसाठी भाकरीचा दैनिक वाटा १२५ ग्रॅम झाला होता, आणि त्या भाकरीत पिठाखेरीज बरेच काही होते. प्रथम घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या, मग २२ नोव्हेंबरला पहिला ट्रकतांडा बर्फावर उतरला. हे ट्रक दीड टनी, फोर्डच्या आराखड्यावरून गोर्की येथे बनवलेले. 'मॉडेल टी'च्या गोत्रातलेच म्हणायचे.

या वाटेवर इंजीन बंद पडणे म्हणजे उघड्या बर्फावर, वाऱ्यात, कधी बाँबवर्षावाखाली थांबणे. बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून चालक दार उघडे ठेवून गाडी हाकत, म्हणजे इंजिनाची जी काही ऊब आत येई तीही बाहेर जाई. एका दिवसात अनेक फेऱ्या करताना झोप लागू नये म्हणून काहींनी डोक्यामागे पत्र्याचे भांडे टांगले होते. मान मागे कलली की ते खणखणे. ओल्गा बेर्गगोल्त्स ही कवयित्री वेढ्याच्या काळात लेनिनग्राड नभोवाणीवरून बोलत असे. तिने १९४२मध्ये लिहिलेल्या 'लेनिनग्राड काव्या'त अशाच एका चालकाची कथा आहे. पिठाची गाडी बर्फावर बंद पडते. दुरुस्ती मोठी नाही, पण बोटे गोठून वाकत नाहीत. तेव्हा तो हात पेट्रोलमध्ये बुडवतो, इंजिनाजवळ पेटवून घेतो आणि त्या जळत्या हातांनी दुरुस्ती करतो. काव्य म्हणून ही प्रतिमा अतिरंजित आहे असे कुणी म्हणेल. आमचा अनुभव असा की या लेखातल्या बाकी सर्व तांत्रिक तपशिलांचा निष्कर्ष तिने एका प्रसंगात सांगून टाकला आहे: इंजिनाला उसनी द्यायची ऊब अखेरीस माणसाच्या देहातून येते. एप्रिल १९४२मध्ये बर्फ वितळेपर्यंत या वाटेने सुमारे ३,६०,००० टन माल शहराकडे आला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर काढली गेली. वेढा पूर्णपणे उठायला जानेवारी १९४४ उजाडावे लागले.

युद्धानंतर ही ऊब देण्याचे काम हळूहळू विजेने उचलले. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन याने इंजिनाच्या बोल्टाच्या जागी बसणारा विजेचा हीटर तयार केला. त्याचे पेटंट १९४९चे. आज कॅनडाच्या थंड प्रांतांत गाडीच्या तोंडातून विजेची वायर लोंबताना दिसते आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागी प्लगची सोय असते. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात, जिथे जानेवारीचे सरासरी तापमानच उणे चाळिसाच्या आसपास असते, लोक इंजिनावर जाड गोधड्या घालतात, गरम गॅरेज भाड्याने घेतात, नाहीतर बाजारात जाऊन येईपर्यंत गाडी चालूच ठेवतात. तिथे "गाडी गरम होऊ दे" असे म्हणत नाहीत. ती गार होऊ द्यायचीच नसते.

आपल्याकडे हा प्रश्न खऱ्या अर्थाने भेटतो तो लडाखात. तिथले ट्रकचालक पिढ्यान् पिढ्या डिझेलच्या टाकीखाली स्टोव्ह किंवा जाळ ठेवून सकाळ सुरू करत आले. नोव्हेंबर २०१९मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, जे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. पाठोपाठ २०२०च्या हिवाळ्यात पूर्व लडाखमध्ये भारतीय सैन्याचे रणगाडे संपूर्ण मोसमभर तैनात राहिले. रणगाडे त्या उंचीवर कसे चढले याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली; ते रोज सकाळी सुरू कसे होत असतील, याविषयी क्वचितच कोणी विचारले. आणि इथे महाराष्ट्राशी या गोष्टीचा एक धागा जुळतो. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे. नगरच्या उन्हात, जिथे रणगाड्याचे पोलाद हाताला चटका देते, तिथे शिकलेले जवान उणे तीस अंशांत तेच पोलाद जागे करतात. त्याच गावी रणगाड्यांचे संग्रहालय आहे. देशोदेशींचे जुने रणगाडे तिथे झाडांखाली रांगेने उभे आहेत आणि मुले त्यांच्या तोफांकडे बोट दाखवून प्रश्न विचारतात. त्यांतल्या प्रत्येकाला कधीतरी, कुठल्यातरी पहाटे, कुणीतरी सुरू केले होते. त्या माणसाचे नाव कोणत्याही फलकावर असणार नाही.

आता ती स्कूटर. कार्ब्युरेटर जाऊन मोजून इंधन फवारणारी यंत्रणा मोटारींत केव्हाच आली होती. एप्रिल २०२०पासून भारत स्टेज-६चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांतूनही कार्ब्युरेटर, आणि त्याबरोबर चोक, दिसेनासा झाला. हवेचे तापमान पाहून पेट्रोल किती द्यायचे हे आता गाडी स्वतः ठरवते. आपल्या थंडीत अर्धे-एक मिनिट थांबणे पुरते. मग सावकाश निघावे, कारण उभ्यापेक्षा चालत्या गाडीचे इंजीन लवकर तापते. उगाच जास्त वेळ धूर काढत राहिले तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते, म्हणजे ज्या झिजेला टाळायचे तीच वाढते. तरीही आमच्या गल्लीत जानेवारीच्या सकाळी एक वृद्ध गृहस्थ आपली नवी गाडी बटन दाबून सुरू करतात आणि पाच मिनिटे तिच्याजवळ उभे राहतात. त्यांना हे सारे समजावून सांगावे असे आम्हांला एक-दोनदा वाटले. मग लक्षात आले की तेलाचा डबा शेगडीजवळ ठेवून रात्र काढणाऱ्यांची, जॅकवर चाक उचलणाऱ्यांची, दार उघडे ठेवून बर्फावरून पीठ नेणाऱ्यांची सवय कारण संपल्यावरही एवढ्याच रूपात शिल्लक उरली आहे. आम्ही काही बोललो नाही. ते हात चोळत उभे होते, आणि गाडी गरम होत होती.